‘पुट अप’ म्हणजे सादर करा की सहन करा?

नोकरीला लागून आम्हाला जेमतेम चार महिने झाले होते. टेबलावर एका मयत शिपायाच्या पत्नीचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज आला. आम्ही टिपणी लिहून फाईल साहेबांकडे पाठविली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. समासात लाल शाईने इंग्रजी शेरा होता : ‘पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स.’ खाली सही आणि तारीख.

आमचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले. इंग्रजी पाचवीपासून. बी. कॉम.च्या परीक्षेपुरते इंग्रजी येत होते. पण कचेरीच्या शेऱ्यांचे इंग्रजी कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. शेजारच्या टेबलावर विचारायची लाज वाटली. खणात एक छोटा शब्दकोश होता, तो काढला. त्यात ‘पुट अप विथ’ सापडले आणि समोर अर्थ दिला होता : सहन करणे, खपवून घेणे. आता आधीचे कागद सहन करायचे म्हणजे नेमके काय करायचे? बराच विचार करून आम्ही असा अर्थ लावला की, प्रकरण आहे तसेच आधीच्या कागदांसोबत राहू द्यावे. आम्ही फाईल जुन्या गठ्ठ्यात घातली, फीत बांधली आणि गठ्ठा कपाटात ठेवला.

सव्वीस दिवसांनी त्या बाई कचेरीत आल्या. सकाळच्या एस.टी.ने निघाल्या होत्या. सोबत शाळकरी मुलगा होता. “साहेब, माझ्या कागदाचं काय झालं?” त्यांनी विचारले. आम्हाला उत्तर देता येईना. हेडक्लार्कांनी फाईल मागविली, शेरा वाचला आणि कपाळाला हात लावला.

“अहो, आधीचे कागद जोडून फाईल सादर करा, एवढंच लिहिलंय साहेबांनी! आणि तुम्ही ती बांधून ठेवलीत?”

सगळा विभाग हसला. आम्हीही कसनुसे हसलो. मग बाहेर बाकावर बसलेल्या त्या बाईंकडे गेलो आणि म्हणालो, “मावशी, फाईल वर गेली आहे. थोडे दिवस लागतील.” फाईल वर गेलेली नव्हती. ती त्या दिवशी दुपारी गेली. मावशींनी आमच्यावर विश्वास ठेवला, हात जोडले आणि मुलाला घेऊन परतीची गाडी धरली.

त्यानंतर आम्ही ‘पुट अप’ या दोन शब्दांचा पिच्छाच पुरविला. जिथे दिसले तिथे उतरवून घेतले. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत दर रविवारी मुलांना शिकविताना आजही या शब्दांवर एक तास हमखास जातो. तोच तास आज वाचकांसाठी कागदावर मांडत आहोत. घरातील शाळकरी मुले, नोकरी शोधणारे तरुण आणि आमच्यासारखे टेबलावरचे कारकून, सर्वांनाच त्याचा उपयोग होईल असे वाटते.

आपल्या ‘लावणे’चा इंग्रज भाऊ

इंग्रजीत साधे क्रियापद आणि त्याला जोडलेला अप, डाउन, ऑन, ऑफ, इन, आउट असा एखादा लहान शब्द मिळून तिसराच अर्थ तयार होतो. अशा जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव रूढ झाले ते लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकामुळे. ते आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविले, असे स्मिथ यांनीच नमूद केले आहे. पण जोड्या त्याहून कितीतरी जुन्या. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश काढला, तेव्हाच त्याच्या प्रस्तावनेत परक्यांना आपल्या भाषेत सर्वांत जास्त अडचण याच जोड्यांची होते असे सांगून ठेवले आहे. म्हणजे अडखळणारे आपण काही पहिले नव्हे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कोशकारालाही ही अडचण ठाऊक होती.

पण मुलांना आम्ही सांगतो की घाबरू नका, असला प्रकार आपल्या मराठीतही भरपूर आहे. ‘लावणे’ हे एकच क्रियापद घ्या. दिवा लावणे म्हणजे पेटविणे, झाड लावणे म्हणजे रोवणे, नाव लावणे म्हणजे नोंदविणे, औषध लावणे म्हणजे चोपडणे आणि वाट लावणे म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच ‘लावणे’ला दुसरे क्रियापद जोडा. प्रश्न ‘लावून धरतात’, बोलणे मनाला ‘लावून घेतात’, भांडण ‘लावून देतात’ आणि लग्नही ‘लावून देतात’. धरणे, घेणे, देणे यांचे वेगवेगळे अर्थ जोडून हे अर्थ निघत नाहीत. तरी आपल्या घरातले पाच वर्षांचे पोर ते बिनचूक वापरते. कारण ते शब्द त्याने कोशात पाहिलेले नसतात. ते वापरात ऐकलेले असतात. इंग्रजी घरातल्या पोराचेही ‘पुट अप’च्या बाबतीत तेच असते. आपल्याला तेवढे ऐकायला मिळत नाही, म्हणून जाणूनबुजून ऐकावे, वाचावे लागते.

मूळ अर्थ : वर ठेवणे, उभे करणे

‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर. जोडीचा पहिला अर्थ सरळ आहे. वर्गात शिक्षक म्हणतात, ‘पुट अप युअर हँड’ : हात वर करा. पावसात छत्री उघडतो ती ‘पुट अप’. भिंतीवर चित्र लावणे, खिडकीला पडदे लावणे, स्वयंपाकघरात डब्यांसाठी फळी ठोकणे, फलकावर सूचना लावणे, या सर्वांना ‘पुट अप’ चालते. स्त्रियांनी केस वर बांधून अंबाडा घातला तर त्यालाही ‘पुट अप’ म्हणतात. वाचकांच्या लक्षात आले असेल की यातल्या बऱ्याच ठिकाणी मराठीत आपले ‘लावणे’च बसते.

वर ठेवण्यातून उभे करणे आले. तंबू, मांडव, कुंपण, भिंत, इमारत उभी करणे म्हणजे ‘पुट अप’. ‘दे पुट अप अ वॉल’ म्हणजे त्यांनी भिंत घातली. उभे करण्यातून वाढविणेही आले. घरमालकाने भाडे वाढविले तर इंग्लंडातला माणूस म्हणेल, ‘ही हॅज पुट अप द रेंट.’ अमेरिकेत मात्र यासाठी बहुधा ‘रेझ’ हा शब्द वापरतात. उलट अमेरिकेतल्या जुन्या पिढीच्या गृहिणी फळे, भाज्या, लोणची बरण्यांत भरून वर्षभरासाठी टिकवून ठेवतात, त्यालाही ‘पुट अप’ म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात कैरीचे लोणचे घालून फडके बांधून बरणी फळीवर ठेवतात, तेच काम. वर्षाच्या बेगमीचे काम आपल्या आया-आज्या करीत आल्या. त्याला इंग्रजीत हे दोन शब्द आहेत हे ऐकून आमच्या वर्गातल्या मुलींना मोठी मौज वाटते.

समोर ठेवणे : फाईल, उमेदवार आणि पैसा

दुसरा अर्थ आमच्या पोटापाण्याचा. एखादी गोष्ट कोणाच्या विचारासाठी पुढे ठेवणे म्हणजे ‘पुट अप’. भारतातील सरकारी कचेऱ्यांत याचा वापर इतका पक्का झाला आहे की मराठी बोलतानाही आपण ‘फाईल पुट अप केली का?’ असे सहज विचारतो. ‘प्लीज पुट अप’ म्हणजे कृपया सादर करावे. ‘पुट अप फॉर ऑर्डर्स’ म्हणजे आदेशार्थ सादर. आता अनेक ठिकाणी फाईल संगणकावरच पुढे सरकते. लाल शाई गेली, फीतही गेली. पण ‘पुट अप’ हा शब्द काही खुर्ची सोडायला तयार नाही.

इथे एक सांगायलाच हवे. या शेऱ्यांना चांगले मराठी शब्द नाहीत असे मुळीच नाही. राज्याचे भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले आणि प्रशासनात लागणारे शब्द व वाक्प्रयोग मराठीत देणारे कोश त्याने काढले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. ‘आधीचे कागद जोडून सादर करावे’ हे पाच साधे शब्द आमच्या त्या फाईलवर असते तर सव्वीस दिवस वाचले असते. शेरा लिहिणाऱ्याला दोन क्षण जास्त लागले असते इतकेच.

पुढे ठेवण्याचाच अर्थ निवडणुकीत येतो. पक्ष उमेदवार उभे करतो, म्हणजे ‘पुट अप’ करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत उमेदवार उभे केले, हे वाक्य इंग्रजीत लिहिताना क्रियापद ‘पुट अप’ चालेल. घर विक्रीस काढणे म्हणजे ‘पुट अप फॉर सेल’. एखाद्या कामासाठी पैसा उभा करून देणे म्हणजेही ‘पुट अप द मनी’. यातूनच एक रोखठोक म्हण झाली आहे : ‘पुट अप ऑर शट अप.’ करून दाखवा, नाहीतर गप्प बसा.

आणि झुंज देणे म्हणजे ‘पुट अप अ फाइट’. आपला संघ सामना हरला, पण शेवटच्या षटकापर्यंत लढला, तर ‘दे पुट अप अ गुड फाइट’ म्हणतात. हरलेल्याच्या कौतुकासाठी हे शब्द फार वेळा वापरले जातात. परीक्षेत दोन गुणांनी राहिलेल्या मुलाला आम्ही हे वाक्य मुद्दाम ऐकवितो.

मुक्काम : ‘व्हेअर आर यू पुट अप?’

तिसरा अर्थ पाहुणचाराचा आहे. एखाद्याला आपल्या घरी रात्रीपुरता किंवा चार दिवस ठेवून घेणे म्हणजे ‘टु पुट समबडी अप’. ‘कॅन यू पुट मी अप फॉर द नाइट?’ म्हणजे आजची रात्र मला तुमच्याकडे राहू द्याल का?

या छोट्या प्रश्नाचे वजन केवढे असू शकते ते बाबासाहेबांच्या आयुष्यातील एका प्रसंगावरून कळते. परदेशातले उच्च शिक्षण घेऊन ते १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी गेले. राहायचे कोठे, हा पहिला प्रश्न. जातीमुळे हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होते. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशी लोकांचा जमाव दारात आला आणि त्यांना तेथून निघावे लागले. ओळखीच्या दोघांना, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी घरी ठेवून घेण्याबद्दल विचारले. दोघांनीही अडचणी सांगितल्या. शेवटी पाच तास कामाठी बागेत बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत हे सर्व आले आहे. पदव्या होत्या, नोकरी होती. ‘पुट अप’ करणारे एक घर तेवढे नव्हते. वर्गात या अर्थाचे दुसरे उदाहरण द्यावे लागत नाही.

भारतात या अर्थाला आणखी एक फाटा फुटला आहे. आपल्याकडे ‘व्हेअर आर यू पुट अप?’ असा प्रश्न सर्रास विचारतात आणि तो विचारणाऱ्याला पुष्कळदा कायमचा पत्ताच हवा असतो. इंग्लंडात किंवा अमेरिकेत हा प्रश्न ऐकणाऱ्याला तात्पुरता मुक्काम वाटेल. कायम राहण्यासाठी ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ आणि चार दिवसांच्या मुक्कामासाठी ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’ हे दोन प्रश्न पाठ करून ठेवावेत. ते जगात कोठेही चालतात.

हे आम्ही उगाच सांगत नाही. अभ्यासिकेतला एक हुशार मुलगा मुंबईत एका खाजगी कंपनीत मुलाखतीला गेला. त्याला इंग्रजीत विचारले, मुंबईत राहतोस कोठे? तो मामाकडे उतरला होता. त्याने विश्वासाने उत्तर दिले, ‘आय ॲम पुटिंग अप विथ माय अंकल.’ समोरची तिन्ही माणसे हसली. का हसली ते याला कळेना. पुढच्या प्रश्नांची उत्तरे येत असूनही त्याची जीभ टाळ्याला चिकटली. नोकरी गेली. रविवारी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मी काय चुकीचं बोललो?”

आम्ही त्याला फळ्यावर वाक्य लिहून दाखविले. ते दोन प्रकारे वाचता येते. ‘पुट अप’ नंतर श्वास घेतला तर अर्थ होतो, मी मामांच्या बरोबर मुक्कामाला आहे. ‘पुट अप विथ’ हे तिन्ही शब्द एका दमात घेतले तर अर्थ होतो, मी मामांना कसाबसा सहन करतो आहे! त्याच्या मनात पहिला अर्थ होता, ऐकणाऱ्यांनी दुसरा घेतला. व्याकरणाने त्याचे वाक्य चूक नव्हते, हे त्याला सांगणे आम्हाला फार गरजेचे वाटले. कारण त्या हसण्याने तो स्वतःला अडाणी समजू लागला होता. आणि खरे सांगायचे तर आमची ती जुनी फाईलही याच खड्ड्यात पडली होती. साहेबांनी ‘पुट अप’ वर थांबून लिहिले होते, आम्ही ‘विथ’ला धरून वाचले. मध्ये एक स्वल्पविराम असता तरी भागले असते.

सहन करणे : ‘पुट अप विथ’

आता ही तीन शब्दांची जोडी नीट पाहू. ‘पुट अप विथ’ म्हणजे आवडत नसलेली गोष्ट किंवा माणूस तक्रार गिळून सोसणे. लोकलची गर्दी, शेजारचा कर्णा, नळाला दिवसाआड येणारे पाणी, बोलघेवडा पाहुणा, यांच्यासाठी हे शब्द वापरतात. ‘वी पुट अप विथ द नॉइज’ म्हणजे आम्ही तो गोंगाट सोसला. ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस’ म्हणजे हे मी खपवून घेणार नाही. आनंदाच्या गोष्टीला हे शब्द कधीच लागत नाहीत. ‘आय पुट अप विथ माय मदर’ असे एखाद्या मुलाने निबंधात लिहिले तर आईबरोबर राहतो असे वाचणाऱ्याला वाटणार नाही. आईला सोसतो असेच वाटेल.

हे तीन शब्द एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. त्यांना तोडले तर काय होते याचा एक विनोद इंग्रजीत प्रसिद्ध आहे. वाक्याच्या शेवटी ‘विथ’सारखा शब्द येऊ नये असा जुन्या शाळामास्तरांचा नियम होता. तो पाळायचा म्हणून कोणीतरी ‘अप विथ व्हिच आय विल नॉट पुट’ अशी उलटीपालटी शब्दरचना केली आणि नियमाचीच फजिती झाली. हा विनोद विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर सांगितला जातो. पण तो त्यांनीच केला याला खात्रीचा आधार नाही. विनोद कोणाचाही असो, तात्पर्य आपल्या कामाचे आहे : हे तीन शब्द एक शब्द समजूनच वापरावेत.

याच घरातले आणखी तीन शब्दप्रयोग वाचनात येतात. ‘पुट समबडी अप टु समथिंग’ म्हणजे एखाद्याला नको त्या गोष्टीसाठी फूस लावणे. वर्गात खडू फेकणारा एक असतो आणि त्याला फूस लावणारा दुसराच असतो, त्या दुसऱ्यासाठी हे शब्द. ‘पुट-अप जॉब’ म्हणजे आधी ठरवून केलेला बनाव. आणि ‘पुट-अपॉन’ म्हणजे ज्याच्या चांगुलपणाचा सगळे फायदा घेतात असा माणूस. प्रत्येक कचेरीत एक टेबल असे असते जिथे सगळ्यांची कामे येऊन पडतात आणि प्रत्येक घरात बहुधा एक बाई अशी असते. त्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते आता वाचकांना कळलेच.

वापराचे चार नियम

पहिला नियम काळाचा. ‘पुट’ हे क्रियापद भूतकाळात बदलत नाही. काल फाईल सादर केली तरी ‘पुट अप’च. ‘पुटेड’ असा शब्द लिहू नये. वर्तमानकाळात तो किंवा ती करते तेव्हा ‘पुट्स अप’, आणि ‘पुटिंग’ लिहिताना ‘टी’ दोनदा.

दुसरा नियम जागेचा. सूचना फलकावर लावायची तर ‘पुट अप द नोटीस’ आणि ‘पुट द नोटीस अप’ दोन्ही बरोबर. पण नावाऐवजी सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे : ‘पुट इट अप.’ ‘पुट अप इट’ हे चूक. पाहुण्याला ठेवून घेतानाही ‘पुट हिम अप’, ‘पुट देम अप’.

तिसरा नियम याच्या नेमका उलटा आणि तो फक्त सहन करण्याच्या अर्थाला लागू. तिथे मध्ये काहीही घालायचे नाही. ‘पुट अप विथ इट’, ‘पुट अप विथ हिम’. जे सोसायचे ते नेहमी ‘विथ’च्या नंतर.

चौथा नियम उच्चाराचा. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० सालापासून आले. त्याआधीच्या आमच्या पिढीने ‘बट’ आणि ‘पुट’च्या उच्चारात पाचवीतच पहिली ठेच खाल्ली. स्पेलिंग सारखे, उच्चार वेगळा. ‘पुट’मधला उकार ‘पुस्तक’मधल्यासारखा ऱ्हस्व. बोलताना दोन्ही शब्द एकत्र जोडून, जवळजवळ ‘पुटप’ असे म्हणतात. म्हणून बातम्यांत ऐकताना तो ओळखू येत नाही. एकदा कान बसला की मग जागोजागी ऐकू येऊ लागतो.

आणि हो, ‘पुट अप’ व ‘पुट ऑफ’ यांत गल्लत करू नये. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. ‘पुट अप’ करायची फाईल ‘पुट ऑफ’ करण्यात आम्ही कारकून मंडळी पटाईत असतो असे लोक म्हणतात. त्यावर आम्ही इथे खुलासा करीत नाही!

घरी काय करावे?

आमची पद्धत साधी आहे. शंभर पानी एक वही करावी. अशा जोडशब्दाला एक पूर्ण पान द्यावे. अर्थ लिहिण्याआधी जिथे तो भेटला ते आख्खे वाक्य लिहावे, मग त्याखाली मराठी अर्थ, मग आपल्या घरातले, गल्लीतले, कामावरचे एक वाक्य स्वतः करावे. पानावर जागा मोकळी सोडावी, कारण तोच शब्द महिन्याभरात नवा अर्थ घेऊन पुन्हा भेटतो. शब्दकोश आता मोबाइलवरही मिळतो. पण कोशात पहिला सापडलेला अर्थ घेऊन उठू नये. खाली सर्व अर्थ वाचावेत आणि आपल्या वाक्यात कोणता बसतो ते पाहावे. आम्ही पहिल्या सापडलेल्या अर्थावर उठलो, त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली.

आई-वडिलांना इंग्रजी येत नसेल तरी काही बिघडत नाही. संध्याकाळी मुलाला वही उघडायला सांगून ‘आज कोणता शब्द भेटला?’ एवढे विचारले तरी पुरे. मुलाने समजावून सांगितले की त्याचाही अर्थ पक्का होतो. अभ्यासिकेतल्या एका मुलीची आई घरकाम करते. मुलीने तिला ‘पुट अप विथ’ समजावले. दुसऱ्या दिवशी आईने विचारले, “कामावरच्या बाईंचं बोलणं मी ऐकून घेते, त्याला हेच म्हणायचं का गं?” मुलगी वर्गात येऊन म्हणाली, “सर, आईला तर माझ्या आधी कळलं.”

राहता राहिली आमची मावशी. फाईल त्या दुपारी वर गेली, मंजूर झाली आणि पुढच्या महिन्यात त्यांचे निवृत्तिवेतन सुरू झाले. त्या पेढे घेऊन आल्या आणि पहिला पेढा आमच्या हातावर ठेवला. खरे काय घडले ते त्यांना सांगायचे आमचे धाडस झाले नाही. ‘तुमची फाईल आम्हाला शेरा न समजल्यामुळे कपाटात पडून होती’ हे एक वाक्य होते, मराठीतच होते, पण ते निघाले नाही. आता त्या कोठे आहेत हे आम्हाला माहीत नाही.

तेव्हापासून आमच्या टेबलावर नवा मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्याच दिवशी आम्ही सांगतो, शेरा समजला नाही तर लगेच विचार, दहा वेळा विचार. इथे कोणी हसणार नाही. आणि कोणी हसलाच, तर त्याला ‘पुट अप विथ’चा अर्थ आम्ही समजावून सांगू!